चार्टपेपर

एलिया भांबळने जाताना
माझ्या हातात आकाशी चार्टपेपर ठेवला,
रबरबँड लावलेली गुंडाळी.
म्हणाला, "आपली मूल्यं लिही यावर. पाच-सहा पुरेत.
जुलैत नवी मुलं येतील, भिंतीवर दिसायला हवीत."
आणि नोकरीसाठी नागपूरला गेला,
एक तार तुटलेली गिटार खोलीतच ठेवून.

कलिनाला, कँटीनच्या मागे आमची खोली.
शुक्रवारी साडेपाच.
प्रार्थना ऐन मध्यावर आली की विमान येतं,
इतकं खाली की चाकं मोजावीत.
आम्ही डोळे मिटून थांबतो.
"देवालाही थांबावं लागत असेल," जोबी म्हणतो.
विमान गेलं की वाक्य तिथूनच पुढे.

मी लिहिलं : १. प्रीती.
अक्षर छान आलं.
आणि रूबेन कांडेकर आठवला.

फेब्रुवारीत त्याचे तीन विषय राहिले.
तीन शुक्रवार तो आला नाही.
तिन्ही शुक्रवारी आम्ही प्रीतीवरच बोलत होतो,
गोल करून. एक खुर्ची रिकामी होती,
तिच्यावर आम्ही बॅगा ठेवल्या.
चौथ्या आठवड्यात वॉचमन सोनटक्के म्हणाले,
"तो तुमचा उंच मुलगा सामान घेऊन गेला की.
मीच रिक्षा थांबवली. विचारत होता, खोलीत कुणी आहे का.
म्हटलं, आहेत, गाणी चाललीत.
मग म्हणाला, असू द्या."

स्केचपेनचं खोडता येत नाही.
मी कागद उलटा केला.

सचोटी लिहावी म्हटलं तर
वसईची ब्लॉसम तुस्कानो आठवते, हिशेबाच्या वहीसकट.
सहलीत दहा रुपये जास्त आले होते.
कुणीतरी म्हणालं, देवाचे समज.
"देव असा गाफीलपणे पैसे टाकत नाही," ती म्हणाली,
आणि आठवडाभर एकेकाला विचारत फिरली.
निघाले लालरिनपुईचे.
एकोणसाठ म्हटलेलं तिला एकोणसत्तर ऐकू आलं होतं.
तेव्हापासून ब्लॉसम तिला आकडे लिहून दाखवते
आणि लालरिन तिला मिझोमध्ये शंभरापर्यंत शिकवते.
याला एक शब्द कुठून आणू?

मल्हार दातीर आमच्यातला नाही.
चहाला येतो, वाद घालतो,
कप मात्र सगळ्यांचे धुतो.
गेल्या वर्षी एका नव्या मुलाने हळूच विचारलं होतं,
"हा कधी विश्वास ठेवणार?"
जोबी म्हणाला, "आधी त्याला बिस्किट दे.
बिस्किटाला अट नसते."

रूबेनचा पत्ता शेवटी मल्हारकडेच निघाला.
दर रविवारी फोन करत होता म्हणे.
"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला," तो म्हणाला.
टोमणा नव्हता तो.
असता तर बरं वाटलं असतं.

मी आणि ब्लॉसम एसटीने श्रीरामपूरला गेलो.
त्याच्या आईने पिठलं केलं, मिठाचा अंदाज चुकलेलं.
रूबेन आतल्या खोलीतून बाहेर येईना.
आम्ही उपदेश तयार करून नेला होता,
तो कुणाला करायचा?
ब्लॉसम आईबरोबर भांडी घासायला बसली,
मी लसूण सोलत राहिले.
चार वाजता दार उघडलं.
म्हणाला, "गिटारची तार बदलली का रे कुणी?"
मी मुलगी आहे हे तो विसरला होता,
आणि मला ते फार आवडलं.

परतल्यावर उलट्या बाजूवर
मी नावं लिहिली. समोर फोन नंबर,
आणि एक रकाना : शेवटचं कधी बोललो.
रूबेनचं नाव मधोमध. मल्हारचंही,
त्याला विचारून.

जुलैत चार्ट खिडकीशेजारी लावला.
ऊन मागून येतं तेव्हा
पलीकडची शाई अलीकडे उमटते.
नाशिकची केरेन घोलप पहिल्याच दिवशी म्हणाली,
"ताई, वर ते उलटं काय लिहिलंय?"

मी सांगणार होते,
तेवढ्यात विमान आलं.
ती मान तिरकी करून
वाचत राहिली.